सर्च व्हॉल्यूम बघून डोमेन घ्यायचं का?

सर्च व्हॉल्यूम म्हणजे एखादा शब्द गुगलवर महिन्याला किती वेळा शोधला जातो. पुढे विकायला किंवा स्वतःला वापरायला डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, घेताना एकट्या या आकड्यावर निवड करायची नसते. आमच्या वाशीच्या ऑफिसात नवीन लागलेल्या प्रत्येकाला मी हे आधी सांगतो. कारण "दादा, सर्च भरपूर आहेत, डोमेन मोकळं आहे, घेऊन टाकू का?" हा प्रश्न पहिल्या महिन्यातच येतो.

आधी आकडा वाचायला शिका. जाहिरातीवर पुरेसा खर्च चालू नसेल तर गुगलच्या कीवर्ड प्लॅनरमध्ये (कीवर्डचे, म्हणजे शोधल्या जाणाऱ्या शब्दांचे, आकडे दाखवणारं टूल) '1 हजार ते 10 हजार' अशा ढोबळ रेंजच दिसतात. म्हणजे 1,100 आणि 9,000 एकाच खणात. तीही महिन्याची सरासरी, आणि मिळत्याजुळत्या शब्दांचे शोध एकत्र धरलेले. नाव ठाण्यापुरतं असेल तर लोकेशनही ठाणेच ठेवा, अख्खा भारत नको.

ठाण्यातलं वॉटरप्रूफिंग घ्या. घोडबंदर रोडच्या सोसायट्यांना गळतीची आठवण होते ती एप्रिल-मेमध्ये, आणि जुलैत छत टपकायला लागलं की धावपळ सुरू. दिवाळीनंतर कोण विचारतो? बारा महिन्यांच्या सरासरीत हा चढउतार सपाट होतो आणि कीवर्ड किरकोळ वाटतो. म्हणून माझी नजर आधी प्लॅनरमधल्या 'टॉप ऑफ पेज बिड'च्या दोन रकान्यांवर जाते. पानाच्या वरच्या भागात जाहिरात दिसावी म्हणून जाहिरातदार एका क्लिकला कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती बोली लावतात, ते तिथे दिसतं. शोध थोडे, पण एका क्लिकसाठी बोली चढी असेल, तर समजा की त्या चौकशीमागे गच्चीचं मोठं काम आहे आणि कंत्राटदार त्यासाठी पैसे मोजायला तयार आहेत. अशा धंद्यासाठी घेतलेलं नाव पुढे विकलं जाऊ शकतं, किंवा स्वतःला वापरता येतं. फक्त ते फोनवर एकदा सांगून समजलं पाहिजे. 'घोडबंदर' इंग्रजीत लोक वेगवेगळं लिहितात, तेव्हा असा शब्द शक्यतो टाळाच.

याच्या उलट नवी मुंबई विमानतळ. 8 ऑक्टोबर 2025 ला उद्घाटन झालं आणि त्या नावाचं डोमेन घ्यावं असं बऱ्याच जणांना वाटायला लागलं. पण शोधणाऱ्याला हवी असते विमानाची वेळ, नाहीतर तिथे पोचायचा रस्ता. तो अधिकृत साइटवर जाणार. तुमच्याकडून ते नाव घेणार कोण? वर, दुसऱ्याच्या ट्रेडमार्कवर बसलात तर डोमेनच्या तक्रारी सोडवायची पद्धत ठरलेली आहे: डॉट कॉमसाठी यूडीआरपी आणि डॉट इनसाठी, ती नावं सांभाळणाऱ्या निक्सी या संस्थेची आयएनडीआरपी. तक्रार सिद्ध झाली की नाव हातचं जातं.

कीवर्ड डोमेनमध्ये असला की गुगल आपोआप वर आणतं, हा समजही सोडा. कमी दर्जाच्या अशा साइट्स खाली जाव्यात म्हणून गुगलने सप्टेंबर 2012 मध्येच बदल केला होता.

पैसे भरण्याआधी हे नाव घेतील अशा स्थानिक धंद्यांची यादी कागदावर काढा. चार-पाच नावं सुचत नसतील तर व्हॉल्यूम कितीही असो, सोडून द्या. पहिल्या वर्षाची ऑफर बघून भुलू नका, रिन्युअलचा दर बघा. पडून असलेल्या नावालाही तो दरवर्षी भरावा लागतो. आणि मोकळ्या दिसणाऱ्या नावावर पूर्वी कोणती साइट होती, हे वेबॅक मशीनवर (वेबसाइटची जुनी पानं जपून ठेवणारी साइट) तपासा. त्यावर कधी जुगाराची साइट चालली असेल, तर मी ते फुकटातही घेणार नाही.