जर्मनीला शिकायला जाताना सामानाची बांधाबांध

ऑक्टोबरमध्ये सुरू होणाऱ्या हिवाळी सत्रासाठी जर्मनीला निघालेल्या विद्यार्थ्याने बॅग उघडण्यापूर्वी तिकिटावरील वजनमर्यादा नीट वाचावी आणि मग प्रत्येक वस्तू हातात घेऊन स्वतःला विचारावे, की तिथे पोहोचल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत हिच्यावाचून आपले अडेल का. तूरडाळ आणि तांदूळ तिथल्या भारतीय दुकानांत मिळतात, त्यामुळे त्यांच्यावर वजन खर्च करणे मला योग्य वाटत नाही.

पासपोर्ट, प्रवेशपत्र, मूळ गुणपत्रिका, एपीएस प्रमाणपत्र (आपली शैक्षणिक कागदपत्रे खरी असल्याचा जर्मनीसाठीचा दाखला), ब्लॉक्ड अकाउंटची (राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवलेले आणि दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणारे खाते) आणि आरोग्य विम्याची कागदपत्रे हातातल्या बॅगेतच ठेवावीत. घर मिळाल्यावर दोन आठवड्यांच्या आत महापालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो, म्हणून हीच फाइल पुढेही हाताशी लागते. पॉवर बँकही याच बॅगेत ठेवावी. चेक-इनच्या बॅगेत ती चालत नाही.

खरी काळजी घ्यावी लागते ती स्वयंपाकघरातून येणाऱ्या पुड्यांची. युरोपीय संघाबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ सोबत नेण्यास बंदी असल्यामुळे साजूक तुपाची बरणी आणि खवा घरीच ठेवावा. कढीपत्त्याची ताजी पानेही नेऊ नयेत. सुके खोबरे आपोआप पेट घेऊ शकणारा पदार्थ मानले जाते आणि चेक-इनच्या बॅगेत त्याला मनाई आहे, हे अनेक घरांत ठाऊक नसते. दुबईमार्गे जाणाऱ्यांनी तर खसखशीबाबत फार सावध राहावे, कारण संयुक्त अरब अमिरातीत तिच्यावर बंदी आहे आणि ती आपल्याकडे अनारशांवर व कित्येक घरांच्या गोड्या मसाल्यातही असते. आईने किंवा आजीने मसाला कुटायला घेण्यापूर्वीच त्यांना हे सांगावे. नंतर पुडी काढून टाकताना सगळ्यांनाच वाईट वाटते. खसखस-खोबऱ्याशिवाय केलेला गोडा मसाला, मेतकूट आणि आमसुले मात्र आवर्जून न्यावीत, कारण या वस्तू तिथे सहज सापडत नाहीत.

कुकर न्यायचा असेल तर वसतिगृहातील शेगडी इंडक्शनची आहे का, हे आधी विचारावे. साध्या ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापत नाही; इंडक्शनला चालेल असा तीन लिटरचा स्टीलचा कुकर घ्यावा आणि सोबत एक जादा रिंग व सेफ्टी व्हॉल्व्ह ठेवावा. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची आहे, फक्त प्लगचा आकार वेगळा आहे. म्हणून एक चांगला ॲडॉप्टर आणि आपल्याकडचा एक्स्टेंशन बोर्ड नेला, तर लॅपटॉप आणि मोबाइलचे चार्जर एकाच वेळी लावता येतात.

नेहमीची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या गरजेइतकी न्यावीत. चष्मा असल्यास दुसरा जोड घ्यावा. कपड्यांत थर्मलचे दोन जोड आणि एक जाकीट पुरते. कडाक्याच्या थंडीचा कोट तिथली हवा पाहून तिथेच घ्यावा.

जर्मनीत रविवारी बहुतेक सगळी दुकाने बंद असतात आणि ३ ऑक्टोबरलाही राष्ट्रीय सुट्टी असते. शनिवारी रात्री उतरणाऱ्या मुलाला किंवा मुलीला सोमवार सकाळपर्यंत घरून आणलेल्या खाण्यावरच राहावे लागू शकते, तेव्हा चिवडा, चकल्या आणि मेथीचे ठेपले बॅगेत सर्वांत वर ठेवावेत.