मोठ्या साखळीला माल देताय? या चुका टाळा

महिन्याला दोन-तीन फोन ठरलेले. "काका, ऑर्डर मिळाली!" आवाजात पेढे वाटायची घाई. कुणाचे पापड, कुणाची काकवी, कुणाचे प्लॅस्टिकचे डबे. मोठ्या सुपरमार्केटच्या साखळीनं पहिली पीओ, म्हणजे खरेदीची लेखी ऑर्डर, दिलेली असते आणि त्यांना मला फक्त एवढंच विचारायचं असतं, की नव्या मशीनसाठी कर्ज कुठल्या बँकेचं घेऊ. मी विचारतो, करार वाचलास का? "तो छापीलच असतो हो, सगळ्यांना तोच देतात." मग मी चहा सांगतो, कारण पुढचा अर्धा तास गेलाच म्हणायचा.

मी कुपवाड एमआयडीसीत एकवीस वर्षं लोणचं घालतोय. अशा साखळ्यांना माल दिलाय, त्यांचा मार खाल्लाय आणि आजही एका साखळीला देतो. तेव्हा देऊच नका असं सांगणाऱ्यांतला मी नाही. पण त्याच त्या चुका पाहून वैताग आलाय. लिहून ठेवतो, पुढच्या फोनला हेच पाठवीन.

भरपूर खपेल म्हणून मिळेल तो दर घेणं

ही माझी स्वतःची चूक, म्हणून जरा लांबण लावणार आहे.

२०१९ सालची गोष्ट. साखळीचा बायर, म्हणजे त्यांच्यातर्फे माल घेणारा, तिशीतला, बोलायला अतिशय गोड मुलगा. आमची चारशे ग्रॅमची कैरीच्या लोणच्याची बरणी त्यांच्याकडे बरी चालत होती. तो म्हणाला, "काका, एक किलोची करा. छापील किंमत दीडशे ठेवा, आम्ही नव्याण्णवला विकतो. दारातच थप्पी लावतो, गिऱ्हाईक आत ओढणारा माल आहे हा." आम्हाला बरणीमागे एक्क्याऐंशी मिळणार होते, खर्च येत होता अठ्ठ्याहत्तर. तीन रुपये सुटत होते. मी तिथंच त्या तीनाला बरण्यांच्या आकड्यानं गुणलं आणि गाडीत बसता बसता भरणी मशीनवाल्याला फोन लावला.

चार महिन्यांत मिरजेच्या वितरकाचा निरोप आला, चारशेच्या बरण्या परत न्या. मी त्याच्याबरोबर दुकानं फिरलो. एका किराणावाल्यानं काउंटरखालून माझीच किलोची बरणी काढून दाखवली. साखळीतून नव्याण्णवला डझनानं आणायची आणि एकशेवीसला विकायची. त्याचं काय चुकलं? चुकलं माझं. ज्या चारशेच्या बरणीवर माझं घर चालत होतं तिचा गळा मीच घोटला होता. शिवाय चार माणसांच्या घरात किलोभर लोणचं संपता संपत नाही. कुणीतरी ओला चमचा घालतं, वर बुरा चढतो आणि तक्रारीचा फोन बरणीवरच्या नंबरवर येतो. नंबर माझा.

हेच्या हेच अमेरिकेत आधी घडून गेलं होतं आणि तेही लोणच्याच्याच बाबतीत, हे मला फार नंतर कळलं. व्लासिक हा तिथला काकडीच्या लोणच्याचा नामांकित ब्रँड. नव्वदच्या दशकात वॉलमार्ट या तिथल्या बलाढ्य साखळीनं त्यांची गॅलनची, म्हणजे पावणेचार लिटरची बरणी २ डॉलर ९७ सेंटला विकायला लावली. आठवड्याला दोन लाखांहून जास्त बरण्या जात, नफा बरणीमागे सेंट-दोन सेंट. ज्या छोट्या बरण्यांवर कंपनी कमावत होती त्यांचं गिऱ्हाईक या राक्षसानं खाल्लं. दर वाढवून मागितला तर बराच काळ नकार. जानेवारी २००१ मध्ये व्लासिकनं दिवाळखोरीचा अर्ज केला. एका बरणीनं कंपनी बुडाली असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. १९९८ साली कॅम्पबेल सूपमधून वेगळी होतानाच तिच्या डोक्यावर सुमारे पन्नास कोटी डॉलरचं कर्ज होतं. पण कर्ज फेडायला जो नफा लागतो, तो या बरणीनं पातळ केला.

आता मी काय करतो? बैठकीला जायच्या आदल्या रात्री डायरीच्या शेवटच्या पानावर पेननं एक आकडा लिहितो. त्याच्या खाली उतरायचं नाही. बायर गोड बोलायला लागला की बाहेर जाऊन चहा पितो. हसू नका, समोर बसून गुणाकार करणं थांबवायला दुसरा उपाय मला सापडलेला नाही. आणि साखळीसाठी स्वस्त माल करायचाच झाला तर नाव वेगळं, मसाला वेगळा, वजनही वेगळं. घरचं नाव त्या थप्पीवर नाही.

पीओवरचा दर हातात येणारा दर समजणं

मघाचे ते तीन रुपये आठवतात ना? ते कधी आलेच नाहीत. आमच्या हिशेब बघणाऱ्या ताईंनी एक दिवस माझ्यासमोर कागद ठेवला. बिल ४,१२,००० चं, बँकेत जमा ३,५१,३४०. मधले साठ हजार कुठं गेले? फुटलेल्या बरण्या. स्कॅन न झालेला बारकोड. "प्रमोशनमधला सहभाग", म्हणजे त्यांनी दिलेली सूट माझ्या खिशातून. नव्या दुकानाच्या उद्घाटनाची वर्गणी, जणू गणपतीच. मागवलं त्यापेक्षा माल कमी आला म्हणून फिल रेटचा दंड. आणि गाडी उशिरा पोचल्याचा दंड. बरणीमागे बारा रुपये गेले. तीनाचा फायदा नऊच्या तोट्यावर आला आणि ते समजायला मला सात महिने लागले, कारण मी पीओ बघत होतो, बँकेचं पान नाही.

गाडीचं तर ऐकाच. भिवंडीच्या त्यांच्या गोदामावर आमची वेळ नऊ ते अकरा. गाडी पहाटे पाचला फाटकाशी उभी. आत घेतली एक वाजता, कारण रांग त्यांची. नोंद झाली एकची, डेबिट नोट, म्हणजे पैसे कापल्याचा कागद, आमच्या नावानं. तेव्हापासून ड्रायव्हरला सक्त ताकीद आहे. फाटकावर पोचल्याबरोबर पाटीसकट गाडीचा फोटो, तो लगेच ताईंच्या व्हॉट्सॲपवर. माल उतरला की शिक्का मारलेल्या जीआरएनचाही, म्हणजे माल मिळाल्याच्या पावतीचाही, फोटो. ताई दर सोमवारी डेबिट नोटा आणि फोटो जुळवतात आणि त्याच दिवशी मेल टाकतात. महिनाअखेरीला बघू म्हणणाऱ्याला काहीही परत मिळत नाही.

ही आपल्याकडचीच खोड आहे असं समजू नका. वॉलमार्टनं २०१७ मध्ये वेळेवर आणि पूर्ण माल पोचवण्याचा नियम आणला. चुकलं तर त्या मालाच्या किमतीच्या तीन टक्के दंड, आणि गाडी वेळेआधी पोचली तरी चूकच. ब्रिटनमध्ये किराणा पुरवठादारांसाठी २०१३ पासून स्वतंत्र पंच आहे. टेस्को या तिथल्या साखळीनं पुरवठादारांचे पैसे जाणूनबुजून लांबवले, असा निष्कर्ष त्या पंचानं २०१६ मध्ये काढला. दंड मात्र झाला नाही, कारण ज्या काळातलं हे प्रकरण होतं तेव्हा दंडाचा अधिकारच नव्हता.

"पण काका, आपल्याकडे कायदा आहे की." आहे. २००६ च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या, कायद्यानं लेखी करार असेल तर जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत, नसेल तर पंधरा दिवसांत पैसे द्यायचे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. एप्रिल २०२४ पासून आयकराचीही मेख आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च पैसे देईपर्यंत वजा करता येत नाही. या मेखेचा मला खरोखर उपयोग झालाय. मार्च आला की आता त्यांचेच अकाउंटवाले फोन करतात. पण थकलेल्या पैशांसाठी सरकारी पोर्टलवर तक्रार टाकणं म्हणजे त्या साखळीला रामराम ठोकणं, हे समजूनच टाका. त्याआधी जे हातात आहे ते करा. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, पहिला माल जायच्या आधी काढा आणि तो नंबर प्रत्येक बिलावर छापा. आणि लक्षात ठेवा, पैसे येवोत न येवोत, जीएसटी मुदतीत भरावाच लागतो.

कच्च्या मालाचं कलम न घालणं

२०२१ मध्ये तेल भडकलं. लोणच्यात तेल काय हातचं राखून घालता येतं? दरवाढ मागितली तर उत्तर आलं, नव्वद दिवसांची नोटीस द्या. ते नव्वद दिवस मी पदरमोड करून लोणचं विकलं. अमेरिकेत रबरमेडचं असंच झालं. ओहायोतल्या वूस्टर गावची ही प्लॅस्टिकच्या घरगुती वस्तूंची कंपनी, १९९४ साली फॉर्च्यून मासिकाच्या सर्वाधिक नावाजलेल्या कंपन्यांच्या यादीत पहिली. लगेच राळेचे, म्हणजे प्लॅस्टिकच्या कच्च्या मालाचे, भाव चढले. कंपनीनं दर वाढवला तेव्हा वॉलमार्टनं त्यांच्या काही वस्तू काढून टाकल्या आणि फळीवरची जागा स्टरिलाइट या दुसऱ्या कंपनीला दिली. १९९९ मध्ये रबरमेड न्यूवेलनं विकत घेतली, पुढं वूस्टरचा कारखानाही बंद झाला. फळीवर अमुक एक ब्रँड असलाच पाहिजे असं काही नसतं, हे पहिल्या नंबरच्या कंपनीला असं समजलं. तेलाचा बाजारभाव ठरावीक टक्क्यांपलीकडे हलला की दर पुन्हा ठरेल, असं एक वाक्य करारात घालून घ्या. नाही म्हणाले तर डायरीतला आकडा वाढवा.

बाकीच्या चुका पटापट. नमुने फुकट देत बसू नका, तिसऱ्यांदा मागितले तर पैसे मागा. फोनवर ठरलेलं त्याच संध्याकाळी मेलवर टाका. "वर्षाला इतका माल उचलू" हा अंदाज असतो, त्यावर मशीनचं कर्ज काढू नका. त्यांच्या लेबलखाली माल करून द्यायला हरकत नाही, पण मसाल्याचं प्रमाण कागदावर देऊ नका. देणारे बहाद्दर मी पाहिलेत. एका साखळीला एकूण मालाच्या पाव हिश्शापेक्षा जास्त नाही. हा पाव कुठून आणला विचाराल तर माझ्या ठेचेतून.

आणि एक नवीन खूळ. प्लॅस्टिकचे डबे करणारा मित्र परवा म्हणाला, या दरात इथं डबा बनत नाही, चीनमधून आणतो आणि आपलं लेबल लावतो. अमेरिकेनं हा रस्ता शेवटपर्यंत चालून पाहिलाय. वॉलमार्टनं १९८५ मध्ये अमेरिकी मालच घ्या अशी मोहीम काढली होती. त्याच वॉलमार्टला सायकली पुरवणाऱ्या हफीनं १९९८ मध्ये ओहायोतल्या सेलिनाचा कारखाना बंद केला, हजाराच्या आसपास माणसं घरी बसली. सायकली चीनमधून यायला लागल्या, तरीही २००४ मध्ये हफीनं दिवाळखोरीचा अर्ज केलाच. २०२० मध्ये वॉलमार्टनं जाहीर केलं, २०२७ पर्यंत भारतातून वर्षाला दहा अब्ज डॉलरचा माल घेऊ. आमच्या सोलापूरच्या टॉवेलवाल्यांनी जरूर द्यावा. फक्त सेलिना हा शब्द डायरीत लिहून ठेवावा.

स्नॅपरचा किस्सा मला दर महिन्याला कुणीतरी फॉरवर्ड करतंच. गवत कापायची यंत्रं करणाऱ्या या कंपनीच्या जिम वियर यांनी २००२ मध्ये बेंटनव्हिलच्या मुख्यालयात जाऊन वॉलमार्टला सांगितलं, यापुढे माल देणार नाही. खाली लिहिलेलं असतं, याला म्हणतात हिंमत! हिंमत होतीच, पण त्यांच्या पाठीशी गावोगावचे हजारो स्वतंत्र डीलर होते, हे कुणी फॉरवर्ड करत नाही.

माझे डीलर म्हणजे मिरज-सांगलीचे किराणावाले, आणि ते मी घालवून बसलो होतो. परत जोडायला दोन वर्षं लागली. रोज सकाळी दहा दुकानं, पिशवीत चारशेच्या सहा बरण्या. काउंटरखालून बरणी काढून दाखवणारा तो किराणावाला पहिल्या तीन खेपांना बोललाच नाही. चौथ्या वेळी त्यानं बरणी हातात घेतली, उलटी करून तारीख बघितली आणि विचारलं, "ती मोठी बंद झाली का, ते आधी सांगा."