स्मारक घड्याळांचा संग्रह कसा करावा: ओमेगा स्पीडमास्टरचे उदाहरण

स्मारक घड्याळांचा संग्रह सुरू करताना आधी घड्याळ निवडू नये, प्रसंग निवडावा. घड्याळ कंपन्या दरवर्षी कशा ना कशाच्या स्मरणार्थ मर्यादित आवृत्त्या काढतात आणि त्या साऱ्यांमागे धावणाऱ्याकडे शेवटी महागड्या वस्तूंचा नुसता ढीग जमतो. ज्या प्रसंगात ते घड्याळ स्वतः हजर होते, त्याच प्रसंगाची आवृत्ती घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ओमेगाचे स्पीडमास्टर या कसोटीला उतरते. नासाने १ मार्च १९६५ रोजी त्याला मानवी अंतराळमोहिमांसाठी मान्यता दिली, जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ मोहिमेतले अंतराळवीर बझ ऑल्ड्रिन ते मनगटावर बांधून चंद्रावर उतरले आणि पुढच्याच वर्षी, अपोलो १३ यान संकटात असताना, मार्ग दुरुस्त करण्यासाठी १४ सेकंद चालवलेल्या इंजिनाची वेळ त्यातले अंतराळवीर जॅक स्वायगर्ट यांनी याच मॉडेलच्या घड्याळावर मोजली.

प्रसंग ठरला की आवृत्तीची संख्या पाहावी. अपोलो ११ च्या स्मरणार्थ २००४ मध्ये ३,५००, २००९ मध्ये ७,९६९, तर २०१४ मध्ये १,९६९ घड्याळे निघाली. २०१९ मध्ये स्टीलची ६,९६९ आणि सोन्याची १,०१४ निघाली. यांतला शेवटचा आकडा मला सर्वांत अर्थपूर्ण वाटतो, कारण अंतराळवीरांच्या सन्मानार्थ १९६९ पासून काढलेली सोन्याची मूळ घड्याळेही १,०१४ च होती. मागच्या झाकणावर क्रमांक कोरलेला असला म्हणजे आवृत्ती मर्यादित असतेच असे नाही. ‘नंबर्ड एडिशन’मध्ये क्रमांक असतो, पण एकूण संख्येला बंधन नसते. अपोलो १३ ची आठवण जपणारे २०१५ चे, स्नूपी या कार्टून कुत्र्याच्या चित्राचे घड्याळ १,९७० नगांपुरते होते, तर २०२० च्या स्नूपी घड्याळाला अशी मर्यादा नाही.

जुने घड्याळ घेताना सर्वाधिक वेळ पडताळणीला द्यावा. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हातील लिलावात १९५७ च्या सुमाराचे म्हणून एक स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकपेक्षा अधिक किमतीला विकले गेले आणि २०२३ मध्ये ते वेगवेगळ्या घड्याळांच्या सुट्या भागांतून जुळवलेले असल्याचे उघड झाले. म्हणून झाकणावरचा क्रमांक आणि हमीच्या कार्डावरचा क्रमांक जुळवून पाहावा, झाकण जाणकार घड्याळजीकडून आपल्यासमोर उघडून घ्यावे आणि तबकडी, काटे व आतले यंत्र त्याच आवृत्तीचे आहेत का, हे विचारावे. मूळ डबा आणि कागदपत्रे नसतील तर किंमत त्या मानाने कमी असली पाहिजे.

भारतात १० लाख रुपयांवरील मनगटी घड्याळाच्या विक्रीवर २२ एप्रिल २०२५ पासून १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने ग्राहकाकडून वसूल करायचा कर, घेतला जातो. तो प्राप्तिकरात वळता करता येत असल्याने बिलावर पॅन नोंदवलेला आहे, याची खात्री करावी. परदेशातून आणलेल्या घड्याळाची सीमाशुल्काची पावती कायम जपून ठेवावी.

सर्व्हिसिंगला देताना ‘पॉलिश करू नये’ असे लेखी द्यावे, कारण घासून बोथट झालेल्या कडा पुन्हा मूळच्यासारख्या होत नाहीत. बदललेले जुने भाग परत मागून घ्यावेत. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात चामडी पट्ट्यावर बुरशी चढते, त्यामुळे तो काढून सिलिका जेलच्या पुड्यांसह वेगळा ठेवावा आणि हाताने चावी द्यावी लागणारे घड्याळ अधूनमधून चालवून पाहावे.