स्पीकर खरखरतोय, बेस गायब झालाय? या चुका टाळा

दोन स्पीकर लावले आणि आवाज भरण्याऐवजी पोकळ झाला, तर आधी वायरी बघा. स्पीकरच्या कॉइलमधून, म्हणजे पडद्याला जोडलेल्या तारेच्या वेटोळ्यातून, प्रवाह एका दिशेने गेला की पडदा पुढे येतो, उलट गेला की मागे जातो. हवेचा दाब तसाच वाढतो-घटतो आणि कानाला आवाज ऐकू येतो. एका स्पीकरचे प्लस-मायनस उलटले, तर एक हवा ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो आणि बेस तिथल्या तिथे मरतो. तपासायला वूफर (बेसचे खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर) अ‍ॅम्प्लिफायरपासून सोडवा आणि 1.5 व्होल्टचा सेल क्षणभरच टेकवा. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला असताना पडदा बाहेर यायला हवा. पेटीशिवाय उघडा वाजवलेला वूफरही याच कारणाने फुसका वाटतो: पडद्याच्या मागची हवा पुढच्या हवेला खोडून काढते.

दुसरी चूक ओहमची, म्हणजे स्पीकर प्रवाहाला किती अडवतो त्या मापाची. 8 ओहमचे दोन स्पीकर समांतर (प्लसला प्लस, मायनसला मायनस) जोडले की 4 ओहम होतात, चार जोडले की 2. अ‍ॅम्प्लिफायरवर किमान 4 लिहिले असेल तर चार जोडू नका. तो तापेल, बंद पडेल किंवा जळेल. मल्टिमीटरवर 8 ओहमचा स्पीकर साधारण 6 ते 7 दाखवतो. तो बिघाड नव्हे. मीटर फक्त तारेचा रोध मोजतो.

सर्वांत महाग पडणारी समजूत: ‘अ‍ॅम्प्लिफायर लहान आहे, स्पीकर जळणार नाही.’ लहान अ‍ॅम्प्लिफायर कुवतीबाहेर ओढला की लहरींचे शेंडे छाटले जातात. पूर्ण छाटलेली लहर तेवढ्याच उंचीच्या साध्या लहरीच्या जवळपास दुप्पट शक्ती देते. शिवाय छाटण्यातून निघणारे तीव्र सूर थेट नाजूक ट्विटरकडे, म्हणजे तीव्र सूर वाजवणाऱ्या लहान स्पीकरकडे, जातात. आवाज चिरका, कर्कश झाला की लगेच कमी करा. ट्विटर बदलताना त्याच्या वाटेतला, खालचे सूर अडवणारा कपॅसिटर वगळू नका, आणि तो ध्रुव (प्लस-मायनस) नसलेलाच हवा. 8 ओहमला 4.7 मायक्रोफॅरड लावला तर साधारण 4200 हर्ट्झच्या खालचे सूर अडू लागतात.

खरखर येत असेल तर चार बोटांनी पडदा सर्व बाजूंनी सारखा, हळूच दाबा. घासल्याचा आवाज आला तर कॉइल चुंबकाच्या फटीत सरकली आहे, फुगली आहे किंवा फटीत कचरा गेला आहे. पडद्याच्या कडेला लहान चीर असेल तर पातळ कागद आणि वाळल्यावरही लवचीक राहणारा गोंद पुरतो. कडक होणारा गोंद लावला की चीर त्याच्या शेजारूनच पुढे सरकते.