द्राक्षाच्या गोडीबहाराचा सल्ला : फवारणीआधी ती बिनलेबलची बाटली शोधा

गोडीबहार म्हणजे द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतरचा फळांचा बहार. हवा ढगाळ आहे, द्राक्षबागा पोंग्यात आहेत, म्हणजे डोळे फुटताहेत, आणि डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या धाकानं नाशिकच्या निफाड-दिंडोरीकडे पहाटेपासून फवारणीचे ब्लोअर सुरू आहेत. पाऊस झाला, पानं ओली राहिली, तर फवारणी उद्यावर टाकता येत नाही, हे मान्य. पण दिवाळीची सुट्टीही याच दिवसांत असते. घरची पोरं मळ्यात असतात आणि सुरगाणा-पेठकडून आलेल्या मजुरांच्या टोळ्यांची पोरंही मळ्यातच असतात. म्हणून डाऊनीच्या आधी दुसरंच काम सांगतो.

विहिरीची खोली, मोटारीची पेटी, गोठ्याचा कोनाडा, ट्रॅक्टरच्या सीटखालची जागा आजच बघा. कोल्ड्रिंकच्या नाहीतर पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवलेलं फवारणीचं औषध सापडलं तर ते पोरांचा हात पोचणार नाही अशा कुलपात टाका. पोरांना विषबाधा झाल्याची जी प्रकरणं मी जवळून पाहिली, त्यांत बहुतेक वेळा हेच कारण निघालं. मोठ्यांनी सोयीसाठी ओतून ठेवलं, तहानलेल्या पोरानं सरबत समजून तोंडाला लावलं. तीन-चार वर्षांच्या पोराला एक घोटही खूप होतो.

ही बाटली घरात येते कशी, तेही बघा. अर्धी चूक दुकानात होते. "लिटरचा डबा कशाला घेता, पावशेर काढून देतो," म्हणत सुटं औषध बिनलेबलच्या बाटलीत देतात. वर एखादं "कंपनीचं नवीन टॉनिक" चढ्या भावानं गळ्यात मारतात, त्यावर घटकाचं नावसुद्धा नसतं. असलं काही घेऊ नका. सीलबंद लहान पॅक मागा, पक्कं बिल घ्या. उद्या पोरगं दवाखान्यात न्यावं लागलं तर डॉक्टर पहिला प्रश्न विचारतील, औषध कोणतं? बिनलेबलच्या बाटलीकडे त्याचं उत्तर नसतं. पिशवीभर औषधं घेणाऱ्याकडे उरतंही जास्त, आणि उरलेलंच कोनाड्यात जातं.

१६ जुलै २०१३ ला बिहारमध्ये सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावी शाळेतलं जेवण जेवून २३ मुलं दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडलं होतं. आपल्याकडेही औषधाचे रिकामे कॅन धुऊन रॉकेल, तेल, पिण्याचं पाणी भरायला वापरले जातात. कितीही धुतला तरी तो कॅन घरात वापरायचा नाही. तीनदा विसळा, विसळलेलं पाणी फवारणीच्या टाकीतच टाका, मग कॅनला भोकं पाडा. भोक पाडलेल्या कॅनमध्ये कुणी काही भरत नाही.

बागेची नेहमीची कामं :
- छाटणीनंतर बोर्डो १ टक्का (मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १०० लिटर)
- पेस्टिंग (काडीवरचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना द्रावण लावणं) : हायड्रोजन सायनामाइड ३० ते ४० मिली प्रति लिटर, छाटणीनंतर ४८ तासांच्या आत
- उडद्या (कोवळे डोळे खाणारा भुंगा) : इमिडाक्लोप्रिड १७.८ एसएल, ०.४ मिली प्रति लिटर
- डाऊनी : मॅन्कोझेब ७५ डब्ल्यूपी, २ ग्रॅम प्रति लिटर
- भुरी (पानांवर पांढरी भुकटी दिसणारा बुरशीचा रोग) : गंधक ८० डब्ल्यूडीजी, २ ग्रॅम प्रति लिटर
- फेलफुटी (घड नसलेल्या जादा फुटी) वेळेवर काढणे

उडद्याबाबत माझा अंदाज असा, की खोडाची सैल साल आधीच काढून जाळली तर एखादी फवारणी वाचते. वाचेल तेवढं बरं.

पेस्टिंगच्या दिवशी जास्त जपा. द्रावणात रंग घालतात, म्हणजे कुठला डोळा लावला ते दिसतं. तोच रंग बायांच्या हाताला लागतो, आणि मंडपाच्या तारेला टांगलेल्या झोळीत बाळ असतं. बाळ रडलं की त्याच हातांनी उचलणं, पाजणं होतं. हे द्रावण कातडी भाजतं. हातमोजे मालकानं द्यायचे, साबण आणि पाण्याचा ड्रम बांधावर ठेवायचा, झोळी बागेबाहेर झाडाखाली बांधायची. टोळीत एखादी बाई फक्त पोरं सांभाळायला ठेवा, तिची पूर्ण रोजंदारी द्या. बागेच्या खर्चात ती रोजंदारी काहीच नाही. ब्लोअर चालू असताना मजुरांच्या झोपड्या वाऱ्याच्या दिशेला असतील तर त्या बाजूच्या ओळी थांबवा. फवारलेल्या बागेत दोन दिवस पोरांना खेळू देऊ नका. पोरं मातीत लोळतात, हात तोंडात घालतात, आणि त्यांच्या वजनाच्या मानानं अंगात जाणारं विष मोठ्यांपेक्षा जास्त पडतं. टोमॅटोच्या प्लॉटवरही हेच, कारण तिथं पोरं तोडून सरळ खातात.

पोराच्या तोंडातून लाळ, खूप घाम, उलटी, जुलाब, कापडात लघवी, घशात घरघर, हातपाय थरथरणं, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक होणं, ही ऑर्गॅनोफॉस्फरस गटाच्या औषधांची लक्षणं. "बाहेरचं खाल्लं असेल" म्हणत बसू नका, उतारा टाकण्यातही वेळ घालवू नका.

मीठपाणी पाजून उलटी करवू नका. बऱ्याच औषधांत रॉकेलसारखं द्रावक असतं, उलटीबरोबर ते फुप्फुसात जातं. दूध, ताक, तूप काहीच पाजू नका. कपडे काढा, केसांसकट अंग साबणानं धुवा, डोळ्यात गेलं असेल तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याची धार सोडा. हे करताना स्वतःच्या हातात मोजे किंवा प्लास्टिकची पिशवी घाला. पोर गुंगीत असेल तर कुशीवर झोपवा. १०८ ला फोन करा. गाडीला उशीर होत असेल तर मिळेल त्या गाडीनं जवळचं ग्रामीण रुग्णालय गाठा. बाटली लेबलसकट सोबत न्या. दिल्लीच्या एम्सचं विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या नंबरवर चोवीस तास माहिती देतं.

दवाखान्यात या विषावरचा उतार म्हणून अ‍ॅट्रोपिन दिल्यावर पोर लवकर सावरल्यासारखं दिसतं. अ‍ॅट्रोपिनचा असर उतरला की लक्षणं परत येऊ शकतात, म्हणून पेस्टिंग अर्धं राहिलंय, फवारणी तटलीय, असल्या घाईत त्याला घरी आणू नका. डॉक्टर सोडतील तेव्हाच निघा.