टर्बो नव्हे, वीतभर नळी

बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढताना डिझेल गाडीने मान टाकली. दुसऱ्या गिअरवरही ओढेना. स्कॅनरवर कोड आला पी०२९९, म्हणजे टर्बोचा (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचा) दाब कमी. गॅरेजवाला म्हणाला, "भाऊ, टर्बोच बदला." खिसा तयार नव्हता.

घरी हातपंपाने ॲक्च्युएटरला, म्हणजे टर्बोची दांडी हलवणाऱ्या डबीला, व्हॅक्यूम दिला (हवा ओढून घेतली). दांडी सरसर आत गेली आणि तिथंच थांबली. म्हणजे तो ठणठणीत. मग सोलेनॉइडकडून (ॲक्च्युएटरचा व्हॅक्यूम कमीजास्त करणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हकडून) येणारी रबरी नळी वाकवून पाहिली. टोकाशी, क्लिपखाली, केसाएवढी चीर! व्हॅक्यूम तिथूनच गळत होता, दांडी पुरती ओढलीच जात नव्हती. आपल्याकडचं ऊन, त्यात इंजिनची धग, रबर वाळणारच. नवी व्हॅक्यूम नळी टाकली (साधी पातळ घालू नका, ती चपटी होते), कोड पुसला. संध्याकाळी तोच घाट तिसऱ्या गिअरवर चढली.