पॉप आर्ट शैलीत तांबट पक्षी कसा रंगवावा

पॉप आर्टसाठी पक्षी निवडायचा तर माझी पहिली पसंती तांबटाला. चिमणीपेक्षा जरासा मोठा, पाठ हिरवी, कपाळ लालभडक, डोळ्याभोवती आणि गळ्यावर पिवळा रंग, गालावर काळे पट्टे, छातीवर पुन्हा लाल ठिपका. रंगांचे तुकडे आधीच पाडून ठेवलेले! घार किंवा साळुंकी घेतली, तर हे तुकडे आपल्याला शोधत बसावे लागतात.

ही शैली १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये उगवली आणि साठच्या दशकात अमेरिकेत फोफावली. जाहिराती, कॉमिक्स, डबाबंद वस्तू हे तिचे विषय. अमेरिकी चित्रकार अँडी वॉरहॉलने १९६२ मध्ये सूपच्या डब्यांची ३२ चित्रं मांडली. दुसरा अमेरिकी चित्रकार रॉय लिक्टनस्टाइनने कॉमिकमधली एकेक चौकट मोठ्या कॅनव्हासवर नेली. चित्र हाताने काढलेलं असलं तरी यंत्रावर छापल्यासारखं दिसलं पाहिजे, ही यातली गंमत. म्हणून पिसं, मऊ सावली, हलके होत जाणारे रंग सगळं बाजूला ठेवायचं. शाळेत शेडिंग घोटलेल्यांना नेमकं हेच जड जातं.

कागद जाड घ्या, ३०० जीएसएमचा (म्हणजे दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) असेल तर उत्तम. पातळ कागद पाण्याने फुगतो. रंग अ‍ॅक्रिलिक बरे. पोस्टर कलर स्वस्त पडतात, पण वाळल्यावरही ओला ब्रश लागला की उकलतात. सोबत एचबी पेन्सिल, मास्किंग टेप, २ आणि ६ नंबरचे गोल ब्रश, एक चपटा ब्रश आणि काळा मार्कर.

कागद चारही बाजूंनी टेपने पाटावर चिकटवा. शरीरासाठी एक अंडाकृती, त्यात अर्धवट शिरलेलं डोक्याचं वर्तुळ. तांबटाला मान जवळजवळ नसतेच, त्यामुळे दोन्हींत अंतर ठेवू नका. चोच जाड आणि आखूड, शेपूटही आखूडच. पक्षी कागदभर येऊ द्या. शेपटीचं टोक चौकटीबाहेर गेलं तरी चालेल. मग आतले विभाग पाडा: कपाळ, डोळ्याभोवतीचा भाग, गळा, छाती, पंख, पोट. सात-आठ विभाग पुरेत. पंखावर एकेक पीस काढायचा मोह होईल, पण तीन ठसठशीत रेघांवर भागवा.

काळा-पांढरा सोडून चार-पाचच रंग निवडा. खऱ्या रंगांना बांधील राहायची गरज नाही. पाठ मोरपंखी आणि मागे गडद गुलाबी हे मला हिरव्यापेक्षा जास्त आवडतं. कपाळाचा लाल आणि गळ्याचा पिवळा मात्र ठेवा, नाहीतर तांबट ओळखू येणार नाही. वेगळ्या कागदावर रंगांचे ठिपके शेजारी शेजारी लावून फोनवर कृष्णधवल फोटो काढा. दोन रंग सारखेच करडे दिसले, तर ते चित्रात एकमेकांना चिकटवू नका.

फिक्यापासून गडदाकडे जा. पिवळा आधी, कारण तो दुसऱ्या रंगाला झाकत नाही. त्यात किंचित पांढरा मिसळला की जरा दाट बसतो. रंग ताकापेक्षा घट्ट, दह्यापेक्षा पातळ हवा. एका जाड थराने ब्रशचे फराटे दिसतात, म्हणून दोन पातळ थर द्या आणि पहिला पूर्ण वाळू द्या.

आता ठिपके. बेंजामिन डे या अमेरिकी मुद्रकाने १८७९ च्या सुमारास बारीक ठिपक्यांनी रंग छापायची पद्धत काढली. मोजक्या शाईत रंगछटा मिळवायची ती स्वस्त युक्ती होती आणि कॉमिक्सनी ती उचलली. लिक्टनस्टाइनने सुरुवातीला कुत्र्याचे केस विंचरायचा ब्रश रंगात बुडवून ठिपके उठवले होते. आपल्याला पेन्सिलीमागचं खोडरबर पुरतं. हलक्या हाताने आठ-नऊ मिलिमीटरची चौकट आखा, रेघा छेदतात तिथे ठिपका द्या. दर दुसरी ओळ अर्ध्या घराने सरकवा. खोडरबर रंगात टेकवल्यावर पहिला ठसा रद्दी कागदावर उठवायचा, कारण तो नेहमी लडबडतो. ठिपके छातीवर घ्या किंवा पार्श्वभूमीवर. दोन्हीकडे घेतले तर पक्षी हरवतो.

काळी बाह्यरेषा सगळ्यात शेवटी. बाहेरची तीन-चार मिलिमीटर, आतल्या त्याच्या निम्म्या. पोटाखाली थोडी आणखी जाड. मनगट टेकवून रेघ थरथरते, म्हणून हात खांद्यापासून फिरवा. बुबुळात चमकेसाठी पांढरा ठिपका ठेवायला विसरू नका.

हवा तर कॉमिकमधल्यासारखा काटेरी कडांचा फुगा काढून त्यात ‘टुक! टुक! टुक!’ लिहा, तांब्याच्या भांड्यावर ठोके पडावेत तसा याचा आवाज, नावही त्यावरूनच. आधी जाडजूड शिरोरेखा मारून अक्षरं तिला टांगली की ओळ वाकडी होत नाही.

एकाच चित्रावर समाधान होत नसेल, तर कागदाचे चार भाग करून तोच तांबट कार्बन पेपरने चारदा उतरवा आणि दर घरात रंग बदला. एखाद्या घरात रंग बाह्यरेषेपासून दोनेक मिलिमीटर मुद्दाम सरकवून भरा. वॉरहॉलच्या सिल्कस्क्रीन छपाईत (ताणलेल्या जाळीतून रंग दाबून केलेली छपाई) रंग असे हललेले दिसतात आणि ते फार झकास वाटतं.